प्लग कुरकुर करून सांगतो, टायमिंग बेल्ट न सांगता तुटतो. गाडीत काय, कधी बदलायचं?

"गाडी पळतेय ना, मग कशाला उगाच उघडायची?" तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजवर हे वाक्य दिवसातून दोन-चार वेळा तरी ऐकू येतं. ऑइल बदलायला लोक तयार असतात. टायर गुळगुळीत झाला की तोही बदलतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण इंजिनात बसलेले स्पार्क प्लग आणि प्लास्टिकच्या कव्हरखाली लपलेला टायमिंग बेल्ट यांची आठवण गाडी रस्त्यात उभी राहिल्यावरच होते. या दोघांतही मोठा फरक आहे. प्लग खराब झाला तर गाडी गचके देत का होईना, घरी येते. बेल्ट तुटला तर ती जागची हलत नाही, आणि बऱ्याच इंजिनांत त्यानंतर येणारं बिल पाहून मालक गाडी विकायचा विचार करू लागतो.

गावाकडे हा विषय जास्त महत्त्वाचा, कारण इथल्या बहुतेक चारचाकी दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताच्या असतात. पुण्या-मुंबईकडून आलेली गाडी बाहेरून चकाचक असते, आतलं काय कधी बदललं याचा कागद मात्र सोबत येत नाही.

आधी आपली गाडी कुठली ते बघा

स्पार्क प्लग फक्त पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांत असतात. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेट घेतं, ठिणगी लागत नाही. डिझेलला असतो तो हीटर प्लग. थंडीत सकाळी गाडी सुरू व्हायला तो मदत करतो. त्याचं काम आणि आयुष्य वेगळं, त्यामुळे "डिझेलचे प्लग बदलले" असं कुणी सांगितलं तर नेमकं काय बदललं ते विचारून घ्यावं.

टायमिंग बेल्टही सगळ्या गाड्यांत नसतो. कित्येक इंजिनांत त्या जागी लोखंडी चेन असते. मारुती ८००, ओम्नी, ८०० सीसीची अल्टो, सँट्रो झिंग, जुनी इंडिका डिझेल या गाड्यांना बेल्ट आहे. डस्टर, व्हेरिटो, टेरानो, सनी यांचं १.५ लिटर डिझेल इंजिन एकच, त्यालाही बेल्ट. जुनी २.५ लिटरची इनोव्हा बेल्टवर चालते, नंतर आलेल्या २.४ लिटर डिझेलच्या क्रिस्टाला चेन आहे. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा यांच्या १.३ लिटर डिझेलला आणि अल्टो के१०, वॅगन-आरच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनाला चेन. एकाच नावाच्या गाडीत इंजिनानुसार फरक पडतो. आय१० चंच बघा, १.१ ला बेल्ट आणि १.२ कप्पाला चेन. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा हिशोब करू नये.

प्लगचं आयुष्य किती?

प्लगच्या टोकाला दोन धातूंमध्ये मिलिमीटरभराच्या आसपास फट असते. मेकॅनिक तिला गॅप म्हणतात. त्या फटीतून ठिणगी उडते आणि पेट्रोल पेटतं. इंजिन ३००० आरपीएमवर असलं की प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो. तासी ६० च्या वेगाला इंजिन २५०० आरपीएमवर धरलं, तर ४० हजार किलोमीटरमध्ये एका प्लगच्या वाट्याला सुमारे ५ कोटी ठिणग्या येतात. दर ठिणगीला धातू कणभर झिजतो, गॅप वाढत जाते आणि ती ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. त्याचा ताण इग्निशन कॉइलवर पडतो. प्लगच्या पैशांची बचत करायला जाऊन कॉइल जाते ती अशी.

साधे निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटरला बदलावेत. इरिडियम किंवा प्लॅटिनमचे प्लग महाग असतात, पण ८० हजार ते १ लाखापर्यंत चालतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि शेवटचा शब्द त्याचाच धरावा.

सीएनजीवाल्यांनी हा आकडा आणखी अलीकडे ओढावा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे प्लग लवकर थकतो. साधे प्लग असतील तर दर १० हजारांना काढून बघावेत आणि २० हजारांच्या आसपास बदलून टाकावेत. इथे एक खूण उपयोगी पडते. गाडी पेट्रोलवर नीट चालते, पण सीएनजीवर टाकली की चढाला मिसिंग करते, असं असेल तर गॅस किट खोलायच्या आधी प्लग बघा. निम्म्या वेळा दुखणं तिथंच निघतं.

प्लग जायला लागला की गाडी सांगते. सकाळी सुरू व्हायला वेळ घेते, उभ्या जागी थरथरते, पिकअप कमी होतो, ॲव्हरेज पडतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर तशीच दामटू नये. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून निकामी होतो आणि प्लगच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

काढलेला प्लग फेकून देण्याआधी त्याचं तोंड बघावं. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठणठणीत. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. मातीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं. ऑइलनं ओला असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघावी लागेल. पांढराफटक पडून टोक वितळल्यासारखं दिसत असेल तर इंजिन जादा तापतंय.

प्लग बदलणं अवघड नाही, पण घाई नडते. इंजिन थंड असतानाच काढावेत, हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे खराब होतात. काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेनं उडवून घ्यायची, नाहीतर सगळी माती सिलिंडरमध्ये. नवा प्लग आधी हातानंच आट्यात बसवायचा, पाना शेवटी लावायचा. इरिडियमच्या प्लगला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावणं म्हणजे तो प्लग संपवणं. आणि बदलायचे तर सगळे एकदम बदलावेत. तीनमधला एकच नवा टाकला तर महिन्याभरात पुन्हा गॅरेजची फेरी ठरलेली. नंबर मात्र कंपनीनं दिलाय तोच हवा. बाजारात नकली प्लग भरपूर आहेत, खोकं हुबेहूब असतं, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घ्यावेत.

बेल्टचं प्रकरण गंभीर

इंजिनात खाली पिस्टन वर-खाली होतात आणि वर व्हॉल्व्ह उघडझाप करतात. दोघांचा ताल जुळवून ठेवतो तो टायमिंग बेल्ट. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा, एवढाच त्याचा हिशोब, पण त्यात एका दाताचीही चूक चालत नाही. फॅन बेल्ट वेगळा. तो बाहेरून दिसतो, सैल झाला की किंचाळतो आणि तुटला तरी व्हॉल्व्ह-पिस्टनला धक्का लागत नाही. पुष्कळ जण फॅन बेल्ट बदलून "बेल्टचं काम झालंय" म्हणून निर्धास्त होतात, तिथं गफलत होते.

टायमिंग बेल्ट तुटला की कॅम थांबतो, उघडे राहिलेले व्हॉल्व्ह तसेच खाली राहतात, आणि गाडीच्या वेगामुळे पिस्टन मात्र वर येत राहतात. बऱ्याच इंजिनांत, डिझेलमध्ये तर हमखास, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो, कधी कॅम तुटतो. मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

बहुतेक गाड्यांत बेल्टची मुदत ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असते, काहींत त्याहून जास्त. पण त्याच्यापुढे वर्षंही लिहिलेली असतात, साधारण ४ ते ६, आणि "जे आधी होईल ते" हे शब्द लोक वाचत नाहीत. बेल्ट रबराचा असतो. शेडमध्ये उभी राहिलेली, सात वर्षांत २५ हजार किलोमीटर फिरलेली गाडी असली तरी तिचा बेल्ट जुनाच. उन्हाळ्यातली ४०-४२ अंशांची उष्णता, धूळ, आणि एसी लावून तासन् तास उभी ठेवलेली गाडी, यातलं काहीच मीटरवर दिसत नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर किंवा दवाखान्यासमोर दोन तास चालू राहिलेल्या इंजिनाचा बेल्ट त्या दोन तासांत फिरतच असतो. भाड्याच्या आणि वडापच्या गाड्यांनी म्हणून मुदतीच्या २० टक्के आधीच काम उरकलेलं बरं.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की हा बेल्ट बहुतेकदा आधी काही कळू देत नाही. कव्हर उघडल्यावर भेगा, सुटलेले धागे, तुटलेले दात, कडेला झीज दिसली तर लगेच बदलावा. पण वरून चांगला दिसणारा बेल्टही आतून संपलेला असू शकतो. ऑइल सील गळून बेल्टवर ऑइल येत असेल तर किलोमीटर मोजत बसू नये. आधी सील, मग नवा बेल्ट.

बदलताना नुसता बेल्ट टाकू नये. तो ताणून धरणारा टेन्शनर आणि आयडलर बेअरिंग यांचंही वय तेवढंच झालेलं असतं. बेअरिंग जाम झालं की नवा कोरा बेल्टही तुटतो. डस्टरसारख्या इंजिनात वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, तेव्हा तोही सोबतच बदलावा, कारण नंतर पंप गळला तर सगळी मजुरी पुन्हा. पूर्ण किट आणि मजुरी धरून खर्च गाडीप्रमाणे काही हजारांत जातो. तुटल्यावर हेडचं काम निघालं तर तोच आकडा सहज पाच-सहा पट होतो.

चेनवाल्यांनी हसू नये. चेनला ठरावीक मुदत नसते, पण ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही सैल पडते. सकाळी पहिल्या स्टार्टला बॉनेटखालून काही सेकंद खळखळ आवाज येत असेल तर दाखवून घ्यावं.

रस्त्यात बंद पडली तर

चालती गाडी अचानक झटक्यात बंद पडली आणि चावी फिरवल्यावर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, असं झालं तर बेल्टचा संशय घ्या आणि चावी सोडा. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला तर उरलेले व्हॉल्व्हही वाकतात. आपल्याकडे लगेच चार जण धावून येतात आणि ढकलस्टार्ट करायला लागतात. ते इथं अजिबात करू नये. ट्रॅक्टरला दोर बांधून न्यायची झाली तर गिअर न्यूट्रल ठेवावा आणि स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून चावी ऑनवर ठेवावी. इंजिन बंद असल्यानं स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक दगडासारखा लागतो, तेव्हा वेग अगदी कमी हवा आणि मागच्या गाडीत जाणता ड्रायव्हर.

जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिलावर तारीख, गाडीचा नंबर आणि त्या वेळचे किलोमीटर हवेत. नुसत्या तोंडी "गेल्याच वर्षी टाकलाय"वर जाऊ नका. मीटर मागे फिरवलेला असू शकतो. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून किटचे आणि मजुरीचे पैसे सौद्यातून कमी करून घ्या आणि गाडी घरी आणल्यावर पहिलं काम तेच करा. काम झालं की तारीख आणि किलोमीटर एका स्टिकरवर लिहून तो बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. जुना बेल्ट आणि जुने प्लग गॅरेजवाल्याकडून मागून घ्यायलाही लाजू नये.