नदीतील वॉलआय आणि उन्हाळ्याचा आरंभ

उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील माशांत वॉलआय हा अत्यंत रुचकर समजला जातो. हा पर्च कुळातील मांसभक्षक मासा होय. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने १९६५ साली त्यास आपला राज्यमत्स्य ठरविले. याच राज्यात उगम पावणाऱ्या मिसिसिपी नदीवर उन्हाळ्याच्या आरंभी, म्हणजे मेअखेर व जूनमध्ये, पुष्कळ लोक वॉलआयसाठी गळ टाकतात. तो गळास लागणे ही वरवर पाहता नशिबाची गोष्ट वाटते. परंतु तिच्यामागे निश्चित कारणे आहेत.

पहिले कारण माशाच्या डोळ्यात आहे. त्याच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. रात्री दिव्याच्या उजेडात मांजराचे डोळे चमकतात, ते अशाच थरामुळे. एकदा निसटलेला प्रकाश या थरावरून परत फिरतो आणि दृष्टिपटलास पुन्हा उपयोगी पडतो. त्यामुळे अंधुक उजेडात वॉलआयला आपले भक्ष्य चांगले दिसते. प्रखर ऊन मात्र तो टाळतो. म्हणून पहाट, संध्याकाळ, अभ्राच्छादित दिवस आणि गढूळ पाणी ही त्याच्या शिकारीस अनुकूल होत.

दुसरे कारण प्रवाहात आहे. वाहत्या पाण्यात सतत पोहणे शक्तीचा व्यय करणारे असल्याने, जेथे वेग मंदावतो व अन्न आपोआप वाहत येते अशा जागी मासा थांबतो. वरच्या मिसिसिपीत अशा जागा मनुष्यानेच निर्माण केल्या. नौकानयनासाठी पात्राच्या मध्यभागी खोली राखावी, म्हणून १८७८ नंतर काठापासून आत जाणारे दगड व वाळुंजाच्या फांद्यांचे असंख्य आडबांध घालण्यात आले. पुढे १९३० साली नऊ फूट खोलीच्या जलमार्गाची योजना मंजूर होऊन मोठी धरणे झाली आणि यांतील पुष्कळ आडबांध पाण्याखाली गेले. आडबांधाच्या वरच्या अंगास, पायथ्याशी, पाण्याचा जोर कमी असतो. तेथेच वॉलआय दबा धरून बसतो आणि तेथेच अनुभवी मच्छीमार गांडूळ किंवा जळू लावलेला गळ तळालगत नेतो.

तिसरे कारण ऋतूचे. वसंतात पाणी सुमारे ६ ते १० अंश सेल्सियस असताना वॉलआयची वीण होते. मादी खडकाळ तळावर अंडी विखुरते. घरटे करीत नाही, राखणही करीत नाही. विणीनंतर काही काळ ती थकलेली असते. पुढे पाणी तापू लागले की पचन जलद होते व भूक वाढते. त्या वर्षीची इतर माशांची पिले मात्र अद्याप लहान असतात. अशा वेळी आमिषाकडे मासा सहज ओढला जातो.

हे ज्ञान जितके उपयुक्त, तितकेच जबाबदारीचे आहे. मोठ्या आकाराचे वॉलआय बहुधा माद्याच असतात आणि मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी अधिक अंडी घालते. माशांची जागा व वेळ अचूक कळल्यावर अशा माद्या थोडक्या दिवसांत काढून टाकणे अवघड नाही. म्हणूनच पकडीची संख्या व माशाची लांबी यांवर कायद्याने मर्यादा घातलेल्या असतात. सोडावयाचा मासा ओल्या हाताने धरून विनाविलंब पाण्यात परतविणे इष्ट; कारण पाणी जसजसे तापते, तसतशी सुटलेला मासा जगण्याची शक्यता घटते. पुढील वसंतात खडकांवर अंडी पडावयाची असतील, तर या उन्हाळ्यात काही गळ रिकामे परतलेच पाहिजेत.