रंगाखालची ओल

वडिलोपार्जित घर विकायचे ठरले की पहिला निरोप जातो तो रंगाऱ्याला. ओल धरलेल्या भिंतीवर पुट्टी चढते, वाळवीने पोखरलेल्या तुळईखाली नवे छत येते आणि मग घर दाखविण्यास आरंभ होतो. ‘घेणाऱ्याने पारखून घ्यावे’ हा बाजाराचा रिवाज असल्याने विकणाऱ्याला यात फारसे वावगे वाटत नाही.

कायदा मात्र एवढ्यावर थांबत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि सर्वसाधारण दक्षता घेऊनही त्याच्या ध्यानी न येणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे. तो न सांगणे ही फसवणूक ठरते. निखळलेला गिलावा कोणालाही दिसतो. छताआडची किडकी तुळई दिसत नाही.

हाच नियम मालकी हक्कातील दोषांनाही लागू आहे. मालमत्ता पत्रकावर अद्याप आजोबांचेच नाव असते, बहिणींचा हिस्सा तसाच राहिलेला असतो, फेडलेल्या कर्जाचा बोजा कागदोपत्री कायम असतो. खरेदीदार कर्जासाठी बँकेत गेला की वकील जुन्या नोंदी धुंडाळतो, मूल्यांकनकार घर पाहतो आणि विसार दिल्यानंतर ही गुपिते बाहेर येतात. मग सौदा मोडतो, विसाराच्या रकमेवरून वाद पेटतो.

त्यापेक्षा विक्रीपूर्वीच स्थापत्य अभियंत्याकडून घर तपासून दुरुस्तीचे अंदाजपत्रक घ्यावे. दोषांची लेखी यादी विसारापूर्वी खरेदीदारास द्यावी आणि पुढे साठेखत व खरेदीखतात तिचा उल्लेख करावा. ‘आहे त्या स्थितीत’ या मोघम शब्दांपेक्षा अशी नेमकी यादी उभयतांच्या हिताची असते.

किंमत कमी येईल, ही भीती खरी आहे. परंतु आधी सांगितलेल्या दोषापोटी खरेदीदार बहुधा दुरुस्तीच्या खर्चाएवढीच घट मागतो. तोच दोष त्याने स्वतः शोधून काढला, तर न दिसलेल्या दहा दोषांची शंका त्याच्या मनात घर करते आणि त्या शंकेचे अंदाजपत्रक कोणताही अभियंता देऊ शकत नाही.

शिवाय प्रश्न केवळ पैशाचा नाही. त्या तुळईखाली उद्या दुसऱ्या कुटुंबाची मुले निजणार आहेत.