रिॲलिटी शोमधील स्पर्धक : डावपेच आणि अस्सलपणा
('बिग बॉस मराठी'च्या विशेष संदर्भात)

सारांश : रिॲलिटी शोमधील एखादा स्पर्धक 'खरा' आहे आणि दुसरा 'गेम खेळतो' असे प्रेक्षक सहज बोलतात. हा भेद स्पर्धकांच्या स्वभावातून जितका येतो, त्याहून अधिक तो कार्यक्रमाच्या नियमांतून आणि भाषेतून निर्माण होतो, हे प्रस्तुत लेखात 'बिग बॉस मराठी'च्या २०१८ ते २०२४ या काळातील पाच पर्वांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : रिॲलिटी शो, डावपेच, अस्सलपणा, प्रेक्षकमत, बोली.

१. प्रस्तावना

नेदरलँड्समध्ये १९९९ साली 'बिग ब्रदर' हा कार्यक्रम सुरू झाला. जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीतील सर्वसाक्षी सत्तेचे नाव त्याने घेतले होते. त्याची हिंदी आवृत्ती 'बिग बॉस' नोव्हेंबर २००६ मध्ये सोनी वाहिनीवर आली आणि १५ एप्रिल २०१८ रोजी कलर्स मराठी वाहिनीवर 'बिग बॉस मराठी'चे पहिले पर्व सुरू झाले. पहिल्या पर्वाचे घर लोणावळ्यास होते. दुसऱ्या पर्वापासून ते गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत आले. राज्य शासनाने १९७७ साली उभारलेली ही चित्रनगरी, अंधेरीतील निर्मितीसंस्थांची कार्यालये आणि वर्सोव्याच्या आरामनगरमधील ऑडिशनच्या खोल्या यांमुळे मुंबईचे पश्चिम उपनगर हे दूरचित्रवाणी व्यवसायाचे केंद्र झाले आहे. या उपनगरांतील महाविद्यालयांत शिकवणाऱ्या अध्यापकांना हा विषय म्हणूनच परका नाही. ऑडिशनच्या रांगेत उभे राहणारे तरुण आपल्याच वर्गांतून गेलेले असतात.

या कार्यक्रमांवर होणारी चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : अमुक स्पर्धक मनापासून वागतो आहे की डाव टाकतो आहे? प्रश्न वरवर हलकाफुलका वाटतो. परंतु माणसाचे खरेपण कोणी ठरवायचे, कशावरून ठरवायचे आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे गंभीर प्रश्न त्यात दडलेले आहेत.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

डावपेच म्हणजे उद्दिष्ट समोर ठेवून आखलेले वर्तन. अस्सलपणा म्हणजे आतील भाव आणि बाहेरील वर्तन यांची एकरूपता. या दोन व्याख्या शेजारी ठेवल्या की त्या परस्परविरोधी भासतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी मात्र दैनंदिन जीवनातील आत्मसादरीकरणावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात दाखवून दिले की, प्रत्येक मनुष्य इतरांसमोर स्वतःला सादर करीतच असतो. रंगमंचाला जसा दर्शनी भाग व पडद्यामागचा भाग असतो, तसाच तो आपल्या जगण्यालाही असतो. दिवाणखान्यातील आपण आणि स्वयंपाकघरातील आपण यांत फरक असतो. त्यास कोणी ढोंग म्हणत नाही.

'बिग बॉस'च्या घरात हा पडद्यामागचा भाग जवळजवळ नाहीसा केला जातो. गळ्यात माईक, भिंतीभिंतीवर कॅमेरे, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. सतत पहारा असला की मुखवटा आज ना उद्या गळून पडेल, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असते. ॲनेट हिल यांनी ब्रिटिश प्रेक्षकांचा अभ्यास करून २००५ साली जे निष्कर्ष मांडले, ते येथे उपयुक्त आहेत. सहभागी माणसे कॅमेऱ्यासाठी अभिनय करतात हे प्रेक्षक गृहीत धरतात. तरीही अभिनयाच्या त्या आवरणातून खरा माणूस डोकावेल असा क्षण ते शोधत राहतात. म्हणजेच प्रेक्षक भोळा नसतो. तो पारखी असतो, किंवा स्वतःस पारखी समजतो.

आपल्या परंपरेत यास एक जुना संदर्भ आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक व आहार्य या अभिनयप्रकारांबरोबर सात्त्विक अभिनय सांगितला आहे आणि स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय असे आठ सात्त्विक भाव मानले आहेत. हे भाव मनाच्या एकाग्रतेतून उपजतात, वरवर आणता येत नाहीत. आणि तरीही शास्त्राने त्यांची गणना अभिनयातच केली. स्पर्धकाच्या डोळ्यांतील पाणी पाहून 'हे खरे की खोटे' असा वाद घालणाऱ्या प्रेक्षकासमोर तीच जुनी अडचण उभी असते. अश्रू खरे असूनही ते दाखवण्याची वेळ निवडलेली असू शकते.

३. मत कोणाचे? नियमांची भूमिका

डावपेचांना मान मिळेल की दूषण, हे बऱ्याच अंशी अंतिम मत कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते. २००० साली अमेरिकेत 'सर्व्हायव्हर'चे पहिले पर्व झाले. त्यात रिचर्ड हॅच या स्पर्धकाने उघडपणे गट बांधून प्रतिस्पर्ध्यांना एकेक करून बाहेर काढले आणि तोच विजयी ठरला. अंतिम निर्णय बाद झालेल्या सात स्पर्धकांच्या हाती होता व तो चार विरुद्ध तीन मतांनी लागला. ज्यांना हरवले त्यांनीच कौल द्यायचा असल्याने खेळातील कौशल्याची दखल घेतली गेली. अमेरिकेतील 'बिग ब्रदर'नेही २००१ च्या दुसऱ्या पर्वापासून प्रेक्षकांचे मत काढून स्पर्धकांच्या मतदानाचा मार्ग स्वीकारला. तेथे डावपेच हेच गुण मानले जाऊ लागले.

भारतीय आवृत्तीत मात्र दुहेरी रचना आहे. नामांकन घरातील सदस्य करतात. वाचवण्याचे व जिंकवण्याचे काम प्रेक्षकांचे मत करते. स्पर्धकास अशा रीतीने दोन मतदारसंघ सांभाळावे लागतात. आतल्या मतदारसंघासाठी गट, समझोते, गुप्तता आवश्यक. बाहेरच्या मतदारसंघासाठी साधेपणा, निष्ठा, मोकळेपणा आवश्यक. शिवाय नामांकनाविषयी आपापसांत चर्चा करणे हा या कार्यक्रमात नियमभंग समजला जातो. ज्याच्याशिवाय टिकणे अवघड, तेच नियमाने निषिद्ध आहे. त्यामुळे स्पर्धक डावपेच सोडत नाही, तो ते लपवतो. आणि लपवलेला डाव उघड झाला की त्यास कपट म्हटले जाते.

४. 'घर' आणि 'खेळ' : भाषेची गुंतागुंत

मराठी मनास डावपेचांचे वावडे नाही. गनिमी काव्याचा आपणांस अभिमान आहे. बुद्धिबळातील चाल आपण वाखाणतो. परंतु 'ओठात एक आणि पोटात एक' असणाऱ्यास आपण दोष देतो. भेद असा की कावा शत्रूशी करायचा असतो, आपल्या माणसांशी नव्हे. 'बिग बॉस'मध्ये स्पर्धेच्या जागेस 'घर' म्हणतात आणि स्पर्धकांस 'सदस्य'. घर म्हटले की नाती आली. तेथे केलेली चाल आपोआप घरभेदीपणा ठरते.

आठवड्याअखेरीस सूत्रसंचालक सदस्यांची झाडाझडती घेतो, त्या भागाची बदलत गेलेली नावेही बोलकी आहेत. महेश मांजरेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली आरंभी तो 'विकेंडचा डाव' होता, पुढे 'चावडी' झाली. २०२४ च्या पाचव्या पर्वात रितेश देशमुख यांच्यासह 'भाऊचा धक्का' आला. डाव हा खेळाचा शब्द, चावडी ही गावाच्या न्यायनिवाड्याची जागा, तर भाऊ हे नाते. खेळाडू म्हणून वागलेल्या माणसाचा निवाडा नातलग म्हणून व्हावा, असा हा प्रवास आहे.

५. पाच पर्वांतील चित्र

पहिल्या पर्वाच्या विजेत्या मेघा धाडे यांची ओळख हा खेळ जाणणाऱ्या आणि गट सांभाळणाऱ्या स्पर्धक अशी होती. त्याच पर्वातील ज्येष्ठ अभिनेत्री उषा नाडकर्णी यांचा फटकळपणा हाच त्यांचा खरेपणा म्हणून स्वीकारला गेला. एकाच पर्वात दोन्ही प्रतिमांना प्रेक्षक लाभले. अर्थात डावपेच दिसले म्हणजे पराभव निश्चित, असे म्हणता येत नाही.

२०१९ च्या दुसऱ्या पर्वाचा विजेता अमरावतीचा शिव ठाकरे. त्याचे पुढील उदाहरण अधिक उद्बोधक आहे. हिंदी 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वात त्याच्या भोवती जमलेला गट 'मंडळी' या मराठी नावाने ओळखला गेला. १२ फेब्रुवारी २०२३ रोजीच्या अंतिम फेरीत याच गटातील पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन विजेता आणि शिव उपविजेता ठरला. 'मंडळी' हा गट मताच्या दृष्टीने युती होता आणि भावनेच्या दृष्टीने मैत्री. या दोहोंपैकी खरे काय, असा प्रश्न विचारणेच येथे अपुरे पडते. एकमेकांच्या उपयोगी पडता पडता माणसे मित्र होतात, हा व्यवहारातील अनुभव आहे.

पाचव्या पर्वाची अंतिम फेरी ६ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. विजेता ठरला बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण. उपविजेता अभिजीत सावंत. अभिजीत हा २००५ साली 'इंडियन आयडॉल'चा पहिला विजेता होता. तेव्हाही मत प्रेक्षकांचेच होते. परंतु त्या मतामागे निदान गाणे होते. गाणे चांगले की वाईट यावर वाद करता येतो, आणि हरलेला गायक पुढे रियाज करू शकतो. 'बिग बॉस'मध्ये मत थेट माणसावर पडते. तेथे हरलेल्याने कशाचा रियाज करावा?

६. बोली, वर्ग आणि अस्सलपणाची सक्ती

या कार्यक्रमात मराठीतच बोलण्याचा दंडक आहे. कोणती मराठी, हा प्रश्न त्यामुळे आपसूक पुढे येतो. पाचव्या पर्वात सूरजची ग्रामीण बोली, अंकिता वालावलकर यांची मालवणी ढब आणि धनंजय पोवार यांचा कोल्हापुरी बाज एकत्र ऐकू आले. प्रमाण भाषेत सफाईने बोलणारा सदस्य हिशेबी वाटतो. बोलीत बोलणारा मनाचा साफ वाटतो. दूरचित्रवाणीवर बोलींना प्रतिष्ठा मिळणे स्वागतार्हच आहे. तथापि बोली हे निरागसपणाचे प्रमाणपत्र मानणे म्हणजे ती बोलणाऱ्याची बुद्धी नाकारणे होय. खेड्यातला माणूसही विचारपूर्वक निर्णय घेतो, माणसे ओळखतो, संधी साधतो. त्याने तसे केले की 'हा पूर्वीसारखा राहिला नाही' अशी तक्रार सुरू होते. सुस्थितीतील स्पर्धकाची आखणी 'हुशारी' ठरते. गरिबाची आखणी 'बदलणे' ठरते. सूरजच्या विजयानंतर त्याला नायक करून निघालेल्या २०२५ मधील चित्रपटाचे नावही त्याचीच लकब 'झापुक झुपुक' हे होते. म्हणजे ज्या रूपात तो आवडला, त्याच रूपात त्याने राहावे, अशी बाजाराची मागणी असते. यास अस्सलपणाची सक्ती म्हणता येईल.

स्त्री-स्पर्धकांच्या बाबतीतही दुहेरी माप आढळते. पुरुषाच्या डावास 'मास्टरमाइंड' म्हणून गौरवणारी भाषा स्त्रीच्या डावास चटकन 'कारस्थान' म्हणते. भाषा-साहित्याच्या अध्यापकांनी हे विशेषणांचे राजकारण वर्गात उलगडून दाखवण्यासारखे आहे.

७. शैक्षणिक संदर्भ

महाविद्यालयांतील व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांत आपण विद्यार्थ्यांस मुलाखतीचे तंत्र शिकवतो : कसे बसावे, कोठे पाहावे, स्वतःची उणीव विचारली असता कोणती सांगावी. आणि त्याच दमात 'तुम्ही जसे आहात तसे सादर व्हा' असेही सांगतो. घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतून येणारा, घरी मालवणी वा खानदेशी बोलणारा विद्यार्थी या दोन सूचनांत अडकतो. मुलाखतीत त्याची बोली उणीव ठरते, पडद्यावर तीच भांडवल ठरते. दोन्हीकडे निर्णय परक्याचा असतो. रिॲलिटी शो हा आपल्या नोकरीबाजाराचा अतिरंजित आरसा आहे, असे म्हणावेसे वाटते ते या अर्थाने.

८. निष्कर्ष

१) डावपेच व अस्सलपणा हे स्पर्धकांचे दोन प्रकार नसून एकाच स्पर्धकावर पडणाऱ्या दोन मागण्या आहेत.

२) प्रेक्षकमतावर आधारलेल्या रचनेत डावपेच नाहीसे होत नाहीत, ते लपवले जातात आणि लपवल्यामुळेच निंद्य ठरतात.

३) 'घर', 'सदस्य', 'भाऊ' या नात्यांच्या भाषेमुळे खेळातील वर्तनास नैतिक वजन प्राप्त होते.

४) अस्सलपणाचे कौतुक वर्ग, बोली व लिंग यांनुसार वेगवेगळ्या मापाने होते, दुर्बळ घटकांसाठी ते बंधनही ठरू शकते.

या कार्यक्रमांची टवाळी करून विषय संपवणे सोपे आहे. परंतु आपले विद्यार्थी ते पाहतात, त्यावर हिरिरीने बोलतात, आणि त्यांपैकी काहींना त्या घरात जावयाचे असते. 'तो खरा आहे का?' या त्यांच्या प्रश्नाला 'खरे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे?' या प्रश्नाची जोड देणे, एवढे काम अध्यापकाने जरूर करावे.