केरीचा सूर सूर्यमालेपार

गायिका केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ साली गोव्यातल्या केरी गावी झाला. कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ, पुढे सावंतवाडी संस्थानातले रामकृष्णबुवा वझे असे गुरू त्यांना लाभले. पण खरी घडण झाली ती १९२१पासून, अल्लादिया खाँसाहेबांच्या कठोर तालमीत. जयपूर घराण्याची पेचदार लयकारी त्यांच्या भरदार आवाजात सहज उलगडे. ध्वनिमुद्रणाची त्यांना फारशी आवड नव्हती. तरीही ‘जात कहाँ हो’ ही त्यांची भैरवी अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीसाठी निवडली गेली. तबकडीवरच्या २७ संगीतरचनांत भारतातली ही एकच. दोन्ही याने १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झेपावली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. व्हॉयेजर १ने २०१२मध्ये आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला.