बीड पायी बघा, सुरुवात खजाना विहिरीपासून

परवा नेकनूरहून एसटीने बीडला निघालो होतो. मांजरसुंब्याचा घाट उतरल्यावर शेजारच्या कॉलेजच्या पोराने विचारलं, "काका, बीडमध्ये बघण्यासारखं काय आहे?" म्हटलं, आधी खजाना विहीर!

ही विहीर शहराच्या अलीकडेच, महामार्गापासून जवळ आहे. 1582 मध्ये, अहमदनगरच्या निजामशाहीत, सलाबत खानाने ती बांधवून घेतली. तिला तीन भुयारी मार्ग आहेत. दोन पाणी आत आणतात, तिसरा ते शेतांकडे नेतो. ना मोट, ना पंप, सगळं काम नुसत्या उताराचं. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत उतरल्यावर गारवा लागतो. मी तिथे तासभर तरी रेंगाळतोच.

मग शहरात उतरून पायी चाला. कंकालेश्वराचं दगडी मंदिर चहूबाजूंनी पाण्याच्या कुंडात उभं आहे. गाभाऱ्याकडे घाई करू नका, आधी बाहेरच्या भिंती बघा. हातात शस्त्र घेतलेल्या स्त्रियांची शिल्पं मला तिथलं सगळ्यात मोठं धन वाटतं. महाशिवरात्रीला मात्र गर्दी असते.

पुढे बिंदुसरा नदीच्या काठाने कोतवाली वेस, आणि शेवटी खंडोबाच्या मंदिरासमोरच्या उंच दीपमाळा. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा.

कुणाला यायचं असेल, काही विचारायचं असेल तर खाली लिहा.