गाडी मिस मारते? कार्बोरेटर सर्वांत शेवटी उघडा

शाहूवाडी तालुक्यातला पाऊस आणि जुनी मोटारसायकल यांचे फारसे जमत नाही. मलकापूर, बांबवडे, आंबा या पट्ट्यात दूध घालणारे, बेकरीचा माल पोहोचवणारे, आठवडी बाजार करणारे आपले अनेक बांधव आजही हिरो होंडाच्या सीडी १०० किंवा स्प्लेंडरवर पोट चालवतात. एखाद्याकडे हौसेने जपलेली यामाहा आरएक्स १०० असते. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. तरी जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत तोवर हे काम गॅरेजला मिळत राहणार.

पण होते काय, की गाडी झटके मारू लागली की गिऱ्हाईक म्हणतो, "मिस्त्री, कार्बोरेटर गेलाय," आणि मिस्त्रीही लगेच पाना उचलतो. नवे किट बसते, पैसे जातात आणि आठ दिवसांत गाडी पुन्हा दारात येते. गिऱ्हाइकाचा दिवसाचा धंदा बुडतो आणि गॅरेजचे नावही जाते. खरे तर दोष अनेकदा कार्बोरेटरच्या बाहेरच असतो.

सुरुवात पेट्रोलपासून करावी. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. पावसात उभ्या गाडीच्या टाकीत झाकणाच्या खराब रबरातून पाणी उतरते. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधले इथेनॉलचे मिश्रण २० टक्क्यांवर गेले. आपल्या कोल्हापूरच्या उसाशी त्याचे नाते जवळचे, पण जुन्या गाडीला ते तितकेसे मानवत नाही. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. म्हणून महिना-दोन महिने उभी राहिलेली गाडी रिझर्व्हवर घेतली की हमखास फुरफुरते. अशा वेळी नुसती वाटी धुऊन भागत नाही. टाकी रिकामी करून कॉकची जाळी साफ करावी लागते. जुनी पेट्रोल नळी आणि फ्लोटच्या सुईचे रबर फुगले किंवा तडकले असेल तर तेही बदलावे.

गाडी दोन-तीन किलोमीटर नीट चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते? मग टाकीचे झाकण उघडून पाहा. 'फुस्स' असा आवाज आला तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. दुरुस्तीला एक पैसा लागत नाही.

त्यानंतर प्लग. टोक विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी. फोर स्ट्रोक गाडीत प्लग तेलकट ओला निघत असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे पाहा, कार्बोरेटरला दोष देऊ नका. स्प्लेंडरच्या प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मि.मी. असावा. पावसात प्लगची टोपी आणि वायर ओली होऊन स्पार्क बाहेर फुटतो. संध्याकाळी अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिले तर तो डोळ्यांनी दिसतो. टॅपेट फार घट्ट असले तरी गाडी गरम झाल्यावर बंद पडते. तेव्हा थंड इंजिनवर तेही तपासून घ्यावे.

हवेचा मार्ग दुर्लक्षित राहतो. भिजलेला फिल्टर गाडीचा श्वासच कोंडतो. उलट कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधली रिंग खराब असेल तर फाजील हवा आत शिरते. इथे चोकची परीक्षा फार उपयोगी. गरम इंजिनवर चोक अर्धा ओढल्यावर गाडी सुधारली, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा गळते आहे. आणखी बिघडली, तर पेट्रोल जास्त जाते आहे. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडण्याची सवय मात्र सोडावी; आग लागायला एक ठिणगी पुरते.

एवढे तपासूनही दोष राहिला तरच कार्बोरेटर उतरवा. त्रास नेमका कुठे होतो हे आधी विचारा. स्लोवर बंद पडत असेल तर स्लो जेट, मधल्या रेसवर झटके असतील तर सुई आणि तिची क्लिप, पूर्ण रेसवर ओढत नसेल तर मेन जेट. आंबा घाट उतरताना रेस बंद केल्यावर सायलेन्सरमधून फटफट येत असेल, तर स्लोचे मिश्रण पातळ आहे किंवा सायलेन्सरचा जोड गळतो आहे. काही जण घाटाच्या उंचीचे कारण सांगून जेट बदलतात. साखरप्याहून आंब्याला चढणाऱ्या गाडीसाठी त्याची गरज नसते.

जेटमध्ये तार कधीही घालू नये. पितळ मऊ असते, भोक केसभर मोठे झाले तरी पेट्रोल वाढते आणि अ‍ॅव्हरेज कायमचे जाते. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण बसवून किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो बहुधा हवेचा असतो, उघडला की मिश्रण पातळ होते. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, उघडला की जाड होते. शेवटची जुळणी इंजिन गरम असतानाच करावी. स्प्लेंडरचा स्लो साधारण १४०० फेऱ्यांवर ठेवावा.

बाजारातल्या स्वस्त किटमधील जेटवर आकडा बरोबर असतो, भोक बरोबर असेलच असे नाही. म्हणून गाडीचा मूळ जेट शाबूत असेल तर तोच साफ करून पुन्हा बसवावा आणि जे काही बदलले ते जुने सामान गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे.