अलिबागेस जावें कसें?

सुट्टींत मुंबईहून अलिबागेस जाण्याचा बेत घरांत निघाला, कीं पहिला वाद वाहनाचा होतो. तरुण मंडळी मोटारीचा आग्रह धरतात, मुलांना बोट हवी असते, आणि वडीलधारीं माणसें 'तुम्ही जाऊन या, आम्ही घरींच बरे' असें म्हणून बाजूस सरतात. समुद्र पाहण्याची त्यांनाही हौस असते. भीति असते ती प्रवासाची. म्हणून वाहन ठरवितांना घरांतील सर्वांत अशक्त माणसाचा विचार प्रथम करावा.

खुष्कीचा मार्ग पनवेल, पेण व वडखळ यांवरून जातो. अंतर सुमारें १०० किलोमीटर. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा अटल सेतु खुला झाला. त्यामुळें मुंबईबाहेर पडणें सुलभ झालें आहे. परंतु तेथें वांचलेला वेळ शनिवारीं सकाळीं वडखळच्या गर्दींत पुष्कळदां खर्ची पडतो. एस. टी. स्वस्त व बारमाही खरी. आगगाडीनें पेणपर्यंत जातां येतें. पुढें सुमारें ३० किलोमीटर पुनः रस्ताच. सामान व मुलेंबाळें घेऊन ही चढउतार सोयीची नाहीं.

जलमार्गानें गेटवेहून मांडवा सुमारें तासाभराच्या अंतरावर आहे. तेथून अलिबाग मोटारीनें सुमारें २० किलोमीटर. किहीमला जाणारांस तर मांडवाच जवळ. मात्र डुलत्या लाँचवर पाऊल टाकणें दुखऱ्या गुडघ्यांस जड जातें, आणि पावसाळ्यांत या लाँची बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून 'रो-रो' बोट सुटते. मोटार माणसांसह थेट बोटींत शिरते. वृद्धांस हें फार सुखाचें. मोटारीचें भाडें निराळें पडतें, तें आधीं विचारून घ्यावें.

समुद्राशीं मात्र घाई करूं नये. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस जाणाऱ्या बोटीस नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून दहांहून अधिक जीव गेले. त्या दिवशीं पावसाळाही नव्हता. म्हणून ऋतु कोणताही असो, जीवरक्षक जाकीट आजीबाईंपासून नातवापर्यंत प्रत्येकानें अंगांत घालावें, आणि गर्दीनें भरलेली बोट दिसल्यास पुढच्या बोटीची वाट पाहावी. तासाभराच्या विलंबानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

निघण्यापूर्वीं पंचांगही उघडावें. कुलाबा किल्ल्यांत ओहोटीच्या वेळींच पायीं जातां येतें. तिथीस पाऊणानें गुणलें असतां भरतीचा अजमास निघतो: चतुर्थीस तीनाच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळीं नवाच्या सुमारास ओहोटी. तरी वाळूंत उतरण्यापूर्वीं किनाऱ्यावरील माणसास विचारून खात्री करावी.

सारांश, पावसाळ्यांत एस. टी. किंवा मोटार, एरवीं धडधाकट मंडळींस लाँच, आणि आजीआजोबा बरोबर असतील, तर भाडें थोडें अधिक पडलें तरी रो-रो. तेवढ्या खर्चानें घरीं राहूं पाहणारीं दोन माणसें किनाऱ्यावर येऊन बसत असतील, तर तो खर्च वायां गेला असें कोणींही म्हणूं नये.